तीमथ्याला एकटे कोणी सोडले?

धर्मग्रामात नवे साहाय्यक धर्मगुरू येतात, पहिल्या रविवारी त्यांचे प्रवचन होते आणि मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात घोळके जमतात. त्या घोळक्यांतून जे निर्णय बाहेर पडतात त्यांपैकी एक ठरलेला असतो : फादर चांगले आहेत, पण अजून लहान आहेत. असे म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा कौतुकच असते. परंतु पुढील दोन-तीन वर्षांत त्या वाक्याचे काय होते ते पाहावे. धर्मग्रामाचा हिशेब त्यांच्याकडे नको, लहान आहेत. मोडू पाहणाऱ्या संसारात त्यांनी बोलू नये, लहान आहेत. भावाभावांतील जमिनीच्या तंट्यात त्यांना कशाला न्यायचे, लहान आहेत. त्यांनी युवकांची सहल न्यावी, वेदीसेवकांना घंटा केव्हा वाजवायची ते शिकवावे, नाताळात गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षण करावे आणि सणाच्या दिवशी ध्वनिक्षेपक नीट चालतो की नाही ते पाहावे. मग एके दिवशी बदलीचे पत्र येते आणि तेच लहान फादर कुठल्याशा दूरच्या धर्मग्रामाचे प्रमुख होतात. तेथे एका दिवसात हिशेबही त्यांचा, संसारही त्यांचे आणि तंटेही त्यांचेच. त्यांचे पाऊल चुकले की आपण म्हणतो, हल्ली सेमिनरीत काही शिकवीत नाहीत.

या रीतीच्या समर्थनार्थ आद्य ख्रिस्तसभेचे नाव घेतले जाते, याचे आम्हांस विशेष वाटते. त्या काळी ख्रिस्तसभा वडिलांच्या हाती होती, असे सांगतात. ‘प्रेस्बितर’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी वडील माणूस असा आहे, असा दाखलाही देतात. आणि एकदा मस्तकावर हात ठेवले गेले की पुढचे सारे पवित्र आत्मा पाहून घेत असे, त्यासाठी निराळ्या मार्गदर्शकाची गरज नव्हती, असेही वर म्हटले जाते. या मताशी आमचा पूर्ण विरोध आहे. पहिल्या चार शतकांचा जो लेखी पुरावा आपल्या हाती आहे तो नेमका याच्या उलट बोलतो. त्या ख्रिस्तसभेने तरुण मेंढपाळांवर जबाबदारी लवकर टाकली, आणि जबाबदारी टाकल्यावर त्यांना एकटे सोडले नाही. आपण ती उशिरा टाकतो, आणि टाकली की पाठ फिरवितो.

तीमथ्याचेच पाहा. लुस्त्र नगरातला हा मुलगा. आई यहुदी, वडील ग्रीक. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या मांडीवर श्रद्धा शिकलेला. लुस्त्र आणि इकुन्या येथील बंधुजनांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिली, तेव्हा पौलाने त्याला बरोबर घेतले. हे साधारण इसवी सन 50च्या सुमाराचे. त्यानंतर फार तर वर्ष-दीड वर्ष उलटले असेल, तोच पौल स्वतः अथेन्सला एकटा मागे राहिला आणि तीमथ्याला त्याने थेस्सलनीकेला पाठविले. कोणत्या कामासाठी? जेथून पौलाला दंगलीमुळे रात्री निघून जावे लागले होते, जेथे नव्या ख्रिस्ती माणसांचा छळ चालू होता, तेथे जाऊन त्यांचा विश्वास दृढ करण्यासाठी! आजच्या आपल्या हिशेबाने त्या मुलाला सहलीपलीकडचे काही देण्याची वेळ अजून यायचीच होती.

पुढे पौल त्याला करिंथला पाठवितो आणि करिंथकरांना आधीच लिहून ठेवतो की हा आला तर त्याला तुमच्यामध्ये भीती वाटणार नाही असे पाहा, त्याला कोणी कमी लेखू नका आणि त्याची पुढची वाट शांतपणे करून द्या. करिंथची मंडळी काय प्रकारची होती हे पहिले पत्र वाचणाऱ्यास ठाऊक आहे. गटबाजी, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत जेवून तृप्त आणि गरीब उपाशी. अशा धर्मग्रामात तरुण माणसाला पाठविताना पौलाने उपदेश कोणाला केला? त्या तरुणाला, की मंडळीला? आपण बदलीचे पत्र धर्मगुरूंच्या हाती देतो. करिंथकरांना मात्र कोणी पत्र लिहीत नाही.

तारुण्यावरून कोणी तुला तुच्छ लेखू नये, या अर्थाचा जो उपदेश तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, तो गुरुदीक्षेच्या कार्यक्रमपत्रिकांवर हौसेने छापला जातो. प्रवचनांतून त्याचा अर्थ असा सांगितला जातो की, तरुण धर्मगुरूने इतके सालस वागावे की कोणाला बोट ठेवण्यास जागा राहू नये. हा अर्थ खोटा नाही. तो अर्धा आहे. त्या पत्राच्या शेवटी जो कृपेचा आशीर्वाद आहे त्याचे मूळ ग्रीक सर्वनाम अनेकवचनी आहे. दुसऱ्या पत्राच्या शेवटीही तसेच आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या शेवटीही तसेच. मराठी वाचकाच्या हे ध्यानात येत नाही, कारण आपण एका माणसालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो. त्या काळच्या ग्रीकमध्ये असे आदरार्थी बहुवचन नव्हते. म्हणजे पत्रावर नाव एकट्या तीमथ्याचे असले तरी ते ऐकायला इफिसची मंडळी समोर बसलेली आहे, हे लिहिणाऱ्याला माहीत होते. तारुण्याविषयीचे ते वाक्य तीमथ्याच्या नावे असले तरी खरे त्यांच्या कानी पडण्यासाठी होते.

येथे कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, की ही पत्रे पौलाच्या हातची नसून त्याच्या कोणा शिष्याने नंतर लिहिली असावीत, असे पुष्कळ बायबलपंडितांचे मत आहे. आहे खरे, आणि सेमिनरीत ते शिकविलेही जाते. परंतु ते मत धरले तर आमचे म्हणणे अधिकच पक्के होते. पौल आणि तीमथ्य दोघेही हयात नसताना ख्रिस्तसभेला तरुण मेंढपाळाचा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा वाटत होता, की त्याचे उत्तर तिने त्या दोघांच्या नात्यात शोधले. आणि किती बारकाईने! कोणाला घाईने दीक्षा देऊ नको, वृद्धाला तडकावून बोलू नको, वडिलांवरची तक्रार दोघा-तिघा साक्षीदारांवाचून ऐकू नको. मधेच एकदम, तुझ्या पोटाच्या तक्रारी आहेत तर नुसते पाणी पीत जाऊ नको, थोडा द्राक्षारस घेत जा! बिशपगिरीच्या उपदेशात पोटदुखी कशाला, असे वाटणाऱ्याने एखाद्या तरुण धर्मगुरूंना रात्री नऊ वाजता ते जेवले का, एवढे विचारून पाहावे. गुरुदीक्षेच्या दिवशी मांडव, बँड, आणि शेकडो पानांची पंगत. चार महिन्यांनी त्यांचे जेवण ताटाखाली झाकलेले, थंडगार.

‘तारुण्य’ म्हणजे तरी किती वय? तीमथ्य त्या सुमारास तिशीच्या आतबाहेर असावा. दुसऱ्या शतकातील संत इरेनियस तारुण्याची मर्यादा चाळिशीपर्यंत नेतो. चौथ्या शतकाच्या आरंभी नवकैसरिया येथील धर्मसभेने प्रेस्बितर होण्यास तीस वर्षांची अट घातली, प्रभू येशूने आपल्या कार्याला त्या वयात आरंभ केला म्हणून. आजचा धर्मकायदा पंचविसाव्या वर्षी गुरुदीक्षेस परवानगी देतो. तेव्हा आपले फादर त्यांच्यापेक्षा लहान आहेत, हे कबूल. मग त्यांच्यासोबत चालणाऱ्यांची गरज अधिक, की कमी?

आणखी एक समजूत दूर करणे अगत्याचे आहे. पौलासारखा गुरू आणि तीमथ्यासारखा शिष्य असेल तर हे जमते, आम्हां सामान्यांचे काय, असे म्हणून हा विषय देव्हाऱ्यात ठेवून दिला जातो. पण तीमथ्याचे सर्वच काही जमले असे दिसत नाही. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्यांच्याशी समेट घडवून आणणारा दूत तीत आहे. तीमथ्याच्या भेटीचे फलित काय झाले, याविषयी पौल एक अक्षर लिहीत नाही. आम्हांस तरी त्यातून एवढेच दिसते, की ते काम त्याला झेपले नसावे. परंतु त्याच पत्राची पहिली ओळ उघडा. पत्र पाठविणाऱ्यांत पौलाच्या नावाशेजारी तीमथ्याचे नाव आहे! ज्या मंडळीपुढे त्याचा निभाव लागला नसेल, त्याच मंडळीपुढे पौल त्याचे नाव आपल्या नावाला जोडतो. अशी सहा पत्रे आहेत ज्यांच्या मथळ्यावर दोघांची नावे एकत्र आहेत. साहाय्यकाच्या हातून युवा मेळावा फसला की पुढच्या पत्रकावर त्यांचे नाव बारीक अक्षरांत छापणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आणि पौल तरी नेहमी इतका मोठ्या मनाचा होता काय? नव्हता. योहान मार्क नावाचा तरुण पहिल्या प्रवासात पंफुल्यातील पिर्गा येथून त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला. का गेला, हे प्रेषितांची कृत्ये सांगत नाहीत. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ. पौल म्हणाला, मुळीच नाही. वाद इतका पेटला की दोघे सोबती वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन एका दिशेला, बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाकडे. बर्णबाविषयी आपल्याकडे प्रवचने फार होत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे. ज्या पौलाला यरुशलेमची मंडळी घाबरत होती त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे उभे करणारा बर्णबाच होता. अंत्युखियाचे काम वाढले तेव्हा तार्सपर्यंत जाऊन त्याला शोधून आणणाराही तोच. आरंभी त्या दोघांची नावे ‘बर्णबा आणि शौल’ अशी येतात. काही पानांनंतर ‘पौल आणि बर्णबा’ अशी येऊ लागतात. आपले नाव मागे गेले म्हणून बर्णबाने कोठे कुरकुर केल्याचे लिहिलेले नाही. त्याने कुरकुर केली ती एकदाच, आणि तीही एका परतलेल्या पोरासाठी. त्या पोराचे पुढे काय झाले? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल बंदिवासातून कळवितो की मार्कला सोबत घेऊन ये, सेवेसाठी मला तो उपयोगी आहे. आणि परंपरेने दुसरे शुभवर्तमान त्याच नावाला दिलेले आहे. पिर्गा येथे पळालेल्यावर पौलाने लावलेला निकाल जर अखेरचा ठरला असता, तर?

प्रेषित गेल्यानंतरची पिढी हे विसरली नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप संत इग्नेशियस याला दहा शिपायांच्या पहाऱ्यात, जनावरांपुढे टाकण्यासाठी रोमकडे नेत होते. वाटेत स्मुर्णा येथे मुक्काम असता मॅग्नेशियाचा बिशप दमास आपले प्रेस्बितर बस्सुस आणि अपोल्लोनियुस व डीकन झोतियोन यांच्यासह त्याला भेटण्यास आला. दमास तरुण होता. मृत्यूकडे चाललेल्या इग्नेशियसने मॅग्नेशियाच्या मंडळीला जे पत्र लिहिले त्यात बिशपच्या तरुणपणाचा गैरफायदा घेऊ नका असे स्पष्ट बजावले आहे, आणि त्याचे प्रेस्बितर तसे करीत नाहीत, त्याला मान देतात, याबद्दल त्यांची वाखाणणीही केली आहे. साखळदंडात बांधलेल्या माणसाला त्या वेळी दुसरे विषय नव्हते काय? त्याच प्रवासात त्रोवस येथून त्याने पॉलिकार्पला लिहिले. स्मुर्णाचा हा बिशप तेव्हा साधारण चाळिशीचा असावा. सर्वांना नावानिशी ओळख, सभा वारंवार भरव, विधवांची हयगय होऊ देऊ नकोस, दास-दासींना तुच्छ मानू नकोस, फक्त गुणी शिष्यांवर प्रेम करशील तर त्यात काय मोठे, अशा आशयाचा तो उपदेश आहे. एका बिशपने दुसऱ्याला इतक्या मोकळेपणाने लिहिले आणि त्याने ते जपून ठेवून इतर मंडळ्यांनाही पाठविले.

पॉलिकार्पने ते काय केले, याचीही साक्ष आहे. इरेनियसने आपल्या बालपणीच्या एका सोबत्याला, फ्लोरिनुसला, लिहिलेल्या पत्राचा भाग इतिहासकार युसेबियसने जपला आहे. फ्लोरिनुस खोट्या शिकवणीकडे वळला होता. त्याला इरेनियस तर्काने जिंकू पाहत नाही. तो त्याला आठवण करून देतो : धन्य पॉलिकार्प कोठे बसून बोलत असे, तो आत कसा येई, बाहेर कसा जाई, त्याची राहणी, त्याची चण, लोकांशी तो कसा बोले, आणि योहानाबरोबरचे व प्रभूला पाहिलेल्या इतरांबरोबरचे दिवस तो कसे सांगे. पुढे गॉलमधील लिऑन नगरीत 177 साली मोठा छळ झाला, नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनुस तुरुंगात मेला, आणि त्याच्या जागी इरेनियस उभा राहिला. त्याच्या ग्रंथांचा धाक पाखंड्यांना वाटला. परंतु त्या ग्रंथांच्या मुळाशी एका म्हाताऱ्याचे बसणे-उठणे आहे. आजच्या साहाय्यकाला आपल्या प्रमुखांचे काय आठवेल? ते जेवताना कोणत्या वाहिनीच्या बातम्या लावीत, एवढेच?

तरुणांनीही येथे टाळ्या पिटण्याचे कारण नाही. इसवी सन 96च्या सुमारास त्याच करिंथमध्ये काही मंडळींनी उचल खाऊन निर्दोष प्रेस्बितरांना पदावरून दूर केले. रोमहून संत क्लेमंटच्या नावे ओळखले जाणारे लांबलचक पत्र त्यांना गेले. त्यात वृद्धांवर उठलेल्या तरुणांचा उल्लेख आहे, आणि संपूर्ण मंडळीच्या संमतीने नेमलेल्या, नम्रतेने सेवा केलेल्या माणसांना काढून टाकणे हे लहान पाप नव्हे, असेही त्यात सुनावलेले आहे. समाजमाध्यमांवर आपल्या प्रमुखांविषयी सूचक ओळी टाकणाऱ्या काही नवदीक्षितांनी ते पत्र जरूर वाचावे. त्यांच्यासाठी एवढे पुरे.

आम्हांस अधिक बोलायचे आहे ते ज्येष्ठांशी, आणि त्यासाठी चौथ्या शतकातील दोन म्हातारे पुढे करतो. 374 साली मिलान येथे बिशपच्या निवडणुकीवरून दंगा होण्याचा रंग दिसला, आणि तो शमविण्यास आलेल्या अधिकाऱ्यालाच लोकांनी बिशप म्हणून घोषित केले. तो अँब्रोज. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. आठवडाभरात बाप्तिस्मा आणि बिशपपद दोन्ही! शिकण्याआधीच शिकविण्याची वेळ आपल्यावर आली, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. अशा बिशपला ईशज्ञान कोणी दिले? सिंप्लिसियानुस नावाच्या एका वयोवृद्ध प्रेस्बितराने. अँब्रोज त्याला पित्यासमान मानी, असे ऑगस्टीन सांगतो. पदाने वर असलेला तरुण आणि ज्ञानाने वर असलेला म्हातारा. म्हाताऱ्याने शिकविले आणि आज्ञाही पाळली. 397 साली अँब्रोज वारला, तेव्हा त्याच्या जागी हाच सिंप्लिसियानुस, त्या वयात, बिशप झाला.

दुसरा म्हातारा उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचा बिशप व्हॅलेरियस. हा जन्माने ग्रीक. लॅटिन त्याला बेताचेच येई, आणि मंडळी लॅटिन बोलणारी. 391 साली ऑगस्टीन काही कामानिमित्त हिप्पोला आला असता लोकांनी त्याला चर्चमध्ये धरून बिशपपुढे उभे केले. तो रडला. पोसिदियुस हा त्याचा चरित्रकार सांगतो की, काहींना वाटले, बिशपपद न मिळता नुसते प्रेस्बितरपद मिळते म्हणून हा रडतो! (मंडळीचे असे अंदाज सोळाशे वर्षांत फारसे सुधारलेले नाहीत.) दीक्षेनंतर ऑगस्टीनने व्हॅलेरियसला पत्र लिहून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत शास्त्राभ्यासासाठी सवड मागितली. जो गृहस्थ मिलानमध्ये वक्तृत्वाचा प्राध्यापक होता तो म्हणतो, मला अजून हे काम येत नाही. आपल्याकडे अशी रजा मागणाऱ्यास काय उत्तर मिळाले असते, हे सांगायला नको.

त्यानंतर व्हॅलेरियसने जे केले ते धाडसाचे होते. आफ्रिकेत बिशप समोर असताना प्रेस्बितराने प्रवचन करण्याची रीत नव्हती. पूर्वेकडील चर्चमध्ये ती होती, आणि ग्रीक असल्यामुळे व्हॅलेरियसला ते माहीत होते. त्याने ऑगस्टीनला आपल्या देखत प्रवचन करण्यास लावले. काही बिशपांनी नावे ठेवली. म्हाताऱ्याने तिकडे लक्ष दिले नाही. उलट, आपल्याला जे नीट येत नाही ते याला येते, याबद्दल तो देवाचे आभार मानीत राहिला. मग इतर बिशपही त्याचे अनुकरण करू लागले. 393 साली हिप्पो येथे आफ्रिकेतील बिशपांची सभा भरली, तीत विश्वासांगीकारावर भाषण केले ते या प्रेस्बितराने. याला दुसरी मंडळी पळवून नेईल या भीतीने व्हॅलेरियसने त्याला एकदा लपवूनही ठेवले, आणि अखेर 395-96च्या सुमारास आपल्याच हयातीत आपल्याबरोबरचा बिशप केले. शिवाय मठासाठी चर्चची बाग दिली. पुढे ऑगस्टीनच्या सहवासातून सुमारे दहा बिशप निरनिराळ्या धर्मप्रांतांना मिळाले, असे पोसिदियुस मोजून सांगतो, आणि तो स्वतः त्यांतलाच. ज्याला बोलता येत नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या बागेत हे पीक आले.

आणि ऑगस्टीनने ते ऋण फेडले. 426 सालच्या सप्टेंबरात, वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने मंडळीला बोलावले आणि एराक्लियुस नावाच्या तरुण प्रेस्बितराचे नाव आपला वारस म्हणून जाहीर केले. लेखनिक प्रत्येक शब्द आणि लोकांचा प्रत्येक जयघोष टिपून घेत होते. आपल्याला बिशप केले तेव्हा एका नगरीत दोन बिशप नसावेत हा नायसिया धर्मसभेचा नियम आपल्याला ठाऊक नव्हता, व्हॅलेरियसलाही नव्हता, हे त्याने सांगून टाकले. म्हणून एराक्लियुस आज प्रेस्बितरच राहील. परंतु कामे? कामे आजपासून त्याची. तंटे, गाऱ्हाणी, तडजोडी घेऊन तुम्ही माझ्याकडे येता ते त्याच्याकडे जा. त्याला माझ्या सल्ल्याची गरज भासली तर मी आहेच. पद नंतर, काम आधी, आणि म्हातारा शेजारी. आपल्याकडचा क्रम पाहा : पद एकदम, काम त्याच्याबरोबर, आणि शेजारी कोणी नाही.

यावर सेमिनरीचे काय, असे विचारले जाईल. आम्ही सेमिनरीच्या विरोधात नाही. त्रेंतच्या धर्मसभेने 1563 साली प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी असा ठराव केला, कारण कोणाच्या तरी सहवासात शिकण्याची जुनी रीत पुष्कळ ठिकाणी नुसती नावापुरती उरली होती आणि लॅटिन मिस्सेचा अर्थही न कळणारे धर्मगुरू वेदीपुढे उभे राहत होते. सेमिनरीने ख्रिस्तसभेला जे दिले ते विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु सेमिनरी आली म्हणून पॉलिकार्पला निवृत्त करा, असे त्रेंतने कोठे म्हटले आहे? दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1965 साली धर्मगुरूंच्या सेवेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात ज्येष्ठांनी तरुणांना बंधू म्हणून जवळ करावे, त्यांच्या पहिल्या कामांत त्यांना हात द्यावा, त्यांचे विचार आपल्यापेक्षा निराळे असले तरी समजून घ्यावेत, असे सांगितले. गुरुप्रशिक्षणाविषयी रोमहून 2016 साली निघालेल्या मार्गदर्शिकेतही दीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांतील सोबतीवर भर आहे. कागद आहेत, कपाटात आहेत.

अडचण दुसरी सांगतात ती अशी, की धर्मगुरू कमी पडत आहेत, कामे वाढली आहेत, शेजारी बसून शिकवायला वेळ कोणाला? ज्या ख्रिस्तसभेत बिशपला सिंहापुढे नेत होते तिला वेळ होता. आणि वेळेचेच म्हणाल तर, भाविक कुटुंबांनो, तुमच्याकडे तो आहे. मुलाला सेमिनरीत पाठविणाऱ्या आजी आणि आई आपल्या समाजात अजून आहेत. लोईस आणि युनीके यांची आपल्याला कमतरता नाही. कमतरता आहे ती लुस्त्र आणि इकुन्याच्या त्या बंधुजनांची, जे तरुणाविषयी खरी साक्ष देतात. प्रवचन फसले तर ते अंगणात न बोलता त्यांना घरी चहाला बोलावून सांगा. घरात मरण झाले, मुलगा दारूला लागला, सून माहेरी निघून गेली, तर ‘मोठे फादर’ रिकामे होईपर्यंत थांबू नका. लहान फादरांना हाक मारा, त्यांना तुमच्या दुःखात थोडे अडखळू द्या. जमिनीच्या तंट्यात दोघांनाही बोलवा, म्हणजे एक बोलेल आणि दुसरा पाहील. पुढच्या खेपेस उलट.

प्रमुखांकडून आमची मागणी याहून मोठी आहे. साहाय्यकांना हिशेबाची वही पहिल्या महिन्यात दाखवावी. महिन्यातून एक मुख्य रविवारची मिस्सा त्यांना द्यावी आणि स्वतः पुढच्या बाकावर बसून ऐकावी, व्हॅलेरियस बसला तसे. त्यांनी घेतलेला निर्णय धर्मग्राम मंडळापुढे मोडून काढू नये. मोडायचाच असेल तर निवासात, दार लावून. आणि धर्मप्रांताच्या सल्लागारांना आमची विनंती आहे, की बदल्यांच्या यादीत नवदीक्षितांची जागा ठरविताना कोठे माणूस कमी आहे हे पाहण्यापूर्वी कोठे माणूस घडतो हे पाहावे. एखाद्या धर्मग्रामात एकामागून एक तीन साहाय्यक येताना ताजे आणि जाताना कोमेजलेले दिसले असतील, तर चौथा पाठविण्याआधी प्रमुखांची बदली करावी. ही सूचना आम्ही स्वतःला वगळून करीत नाही.